उत्तर आणलं का?

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी वहिनींचं नाव घेतो. थोरल्या भावाची, म्हणजे दादांची बायको. लोकांना वाटतं मी आईचं नाव घेईन, नाहीतर एखाद्या गुरुजींचं. त्यांचेही उपकार आहेतच. पण आमच्या घरातून माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नव्हतं, आणि मी गेलो तो वहिनींच्या चुलीपुढे वाचायला बसत होतो म्हणून गेलो.

आमचं गाव सेनगाव तालुक्यात, साखऱ्याच्या जवळ. सोयाबीन, तूर, थोडा कापूस. वहिनी नरसीकडच्या. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांच्या वडिलांचं लहानसं दुकान होतं. नारळ, बुक्का, तुळशीच्या माळा, आणि वरच्या फळीवर पोथ्या. गिऱ्हाईक नसलं की दुकानात बसलेली ही पोरगी पोथ्या वाचायची, आणि त्या वाचून झाल्या की पुड्या बांधायला आणलेली रद्दी. दहावी झाली, लग्न झालं, आणि त्या आमच्याकडे आल्या. तेव्हा आमच्या घरात छापलेला कागद म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर आणि माझी पाचवीची पुस्तकं. ती पुस्तकं त्यांनी महिन्याभरात वाचून काढली. भूगोलसुद्धा. भूगोल वाचून त्या दादांना म्हणाल्या होत्या की आपल्या कयाधू नदीचं नाव पुस्तकात एकदाच आलंय आणि तेही कंसात.

संध्याकाळी त्या भाकरी करायच्या तेव्हा त्यांचे हात पिठात असायचे. मग वाचायचं काम माझं. मी सगळं एका दमात म्हणून टाकायचो, शाळेत पाढे म्हणतात तसं. त्यांनी मला थांबायला शिकवलं. स्वल्पविराम आला की श्वास घ्यायचा, पूर्णविराम आला की त्या भाकर उलटणार. "माझी भाकर करपली तर समजा भाऊजी, तुमी घाई केली." दहा वर्षांच्या पोराला त्या भाऊजी म्हणायच्या आणि तुमी म्हणायच्या, त्यामुळे मला आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं. आज मी नांदेडला एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. विरामचिन्हांचा धडा आला की माझ्या नाकाला अजून ज्वारीच्या भाकरीचा वास येतो.

आता पोथीचं सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

श्रावणात आमच्या घरी पोथी लागायची. गल्लीतले एक म्हातारे काका वाचायला यायचे. पोथी ठेवायला लाकडी पाट होता, त्यावर लाल कापड. नियम सगळ्यांना पाठ. अध्याय अर्धा सोडून उठायचं नाही. आणि समाप्ती होऊन नैवेद्य दाखवल्याशिवाय पोथी पाटावरून उठवायची नाही. अर्धी पोथी उठवली तर घराला ते बरं नसतं, असं माय म्हणायची. एका वर्षी काका आजारी पडले आणि पोथी वहिनींनी वाचली. बायामाणसांनी वाचावी की नाही यावर ओट्यावर थोडी कुरबुर झाली, पण वहिनींचा आवाज ऐकल्यावर कुरबुर करणारेच पुढे सरकून बसले.

समाप्ती झाली. पोथी कापडात बांधून कोनाड्यात गेली, पाट मात्र तिथेच राहिला. वहिनींनी सेनगावच्या वाचनालयातून आणवलेली एक कादंबरी त्या पाटावर ठेवली आणि दुपारी वाचायला बसल्या. दुपारी सुनेनं नुसतं पुस्तक घेऊन बसणं आमच्याकडे आळशीपणात मोजलं जायचं. पाटावर ठेवलेल्या पुस्तकाला कोण काय म्हणणार? माय आली, सवयीनं पुस्तकाला हळदकुंकू लावलं, हात जोडले आणि भिंतीला टेकून बसली. बराच वेळ तिनं ऐकलं. मग विचारलं, "ह्यात देव कवा येतो?"

वहिनी म्हणाल्या, "ह्यात देव न्हाई, आत्याबाई."

"मंग कोण हाय?"

"एक बाई हाय. सासरी लई तकलीफ हाय तिला."

माय भिंतीपासून पुढे सरकली. आता रागावते की काय, असं मला वाटलं. ती म्हणाली, "मंग वाच की. थांबली काहून?"

तेव्हापासून आमच्या घरी आलेल्या प्रत्येक पुस्तकाला कुंकू लागलं. पुस्तकं बदलून आणायचं काम दादांचं. ते बाजाराच्या दिवशी जीपनं सेनगावला जायचे, बियाणं, खत, मीठ-मिरची आणायचे आणि त्यातच पुस्तक. दादांना वाचायची आवड नाही. ते पुस्तक जाडीवर निवडायचे. "जाड द्या," ते वाचनालयातल्या माणसाला सांगायचे, "पातळ लवकर सरतं आन् मग घरच्या बाया मला सुखानं बाजार करू देत न्हाईत." एकदा त्या माणसानं कुंकवाचे डाग दाखवून चिडून विचारलं की तुम्ही घरी पुस्तकाची पूजा करता का. दादा म्हणाले, "व्हय. तुमी करत न्हाई का?" त्या माणसानं पुस्तकावर शिक्का मारून दिला, असं दादा अजून अभिमानानं सांगतात.

हळूहळू बाया जमायला लागल्या. उन्हाळ्याच्या दुपारी, शेतात काम नसलं की सात-आठ जणी ओसरीत बसायच्या. कोणी शेंगा फोडायची, कोणी गोधडीला टाके घालायची. जवळच्या बंजारा तांड्यावरची एक बाई यायची. आमच्या शेताला लागून तिचं शेत. तिला छापील मराठी सगळं कळायचं नाही, मग ती शेजारणीला कोपरानं ढोसायची आणि शेजारीण तिला सोप्या बोलीत सांगायची. त्या सांगण्यात गोष्ट बरीच बदलायची. कधीकधी बदललेली जास्त चांगली असायची आणि वहिनी वाचायचं थांबून ती ऐकत बसायच्या.

माझी बारावी झाली तेव्हा दादांच्या मनात मला शेतीला लावायचं होतं. त्यांचंही चूक नव्हतं, ते एकटे पडत होते. वहिनींनी तेव्हा काय सांगितलं, किती दिवस सांगितलं, मला माहीत नाही. मला एवढंच कळलं की एका सकाळी दादांनी मला हिंगोलीच्या गाडीत बसवून दिलं आणि म्हणाले, तिथं जाड पुस्तकं असतात म्हणे, बघ तुला उचलतात का.

टीव्ही आमच्या घरी खूप उशिरा आला. गावात तो आधीच घरोघर होता. वहिनींच्या दुपारच्या बैठकीतल्या बाया एकेक करून कमी होत होत्या. कोणाची मालिका दुपारी लागायची, कोणी रात्री उशिरापर्यंत बघून दुपारी झोपायची. भांडण नाही, रुसवा नाही. एक दिवस अमकी आली नाही, पुढच्या आठवड्यात तमकी आली नाही. वहिनींनी कोणाला बोलावणं पाठवलं नाही. त्या म्हणाल्या, ऐकायला या म्हणून काय गळ घालायची, लग्न थोडंच आहे.

मग मायचे डोळे गेले. काचबिंदू. हिंगोलीला दाखवलं, नांदेडला माझ्याकडे आणून दाखवलं. डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू असता तर काढता आला असता, हे गेलेलं परत येत नाही. माय घरात बसून राहायला लागली. दादांच्या जिवाला ते लागलं. त्या वर्षी सोयाबीन बरं झालं होतं, तर त्यांनी भिंतभर रुंदीचा टीव्ही आणला. कशाला, विचारलं, तर म्हणाले, मायला करमत न्हाई म्हणून. मी म्हणालो, दादा, तिला दिसत नाही. ते म्हणाले, "दिसत न्हाई, ऐकू तर येतं. घरात बोलणं चालू असलं म्हणजे माणसाला बरं वाटतं." दादांच्या प्रेमाचा हिशोब असाच सरळ असतो, आणि त्याला हसणं मला जमलं नाही.

माय टीव्हीपुढे बसली. प्रामाणिकपणे बसली, लेकानं आणलाय म्हणून. पण टीव्हीत जेव्हा महत्त्वाचं काही होतं तेव्हा कोणी बोलत नाही, हे मला तोवर लक्षात आलं नव्हतं. नुसतं वाजत राहतं. बाई दार उघडते, बघते, डोळ्यांत पाणी येतं. यातलं काहीच ऐकू येत नाही. माय विचारायची, "आता काय झालं? कोण आलं?" नातवंडं म्हणायची, "गप ना आजी, बघू दे." ती गप बसायची. पुन्हा वाजायला लागलं की पुन्हा विचारायची, आधीपेक्षा हळू. चार-पाच दिवसांनी तिनं विचारणं सोडलं. महिन्याभरानं ती भिंतीला हात लावत उठली आणि मागच्या ओट्यावर जाऊन बसली.

मी सुट्टीला गेलो तेव्हा मला म्हणाली, "त्यात नुसतं तोंडं दिसत असतील लोकांची. तुझी वहिनी वाचती त्यात माणूस मनात काय म्हणतो ते पण ऐकू येतं."

साहित्याच्या वर्गात मी हे वाक्य बऱ्याच वेळा सांगितलंय, कोणाचं ते न सांगता.

वहिनींना टीव्हीचा राग नव्हता. दादा क्रिकेट बघायचे तेव्हा त्या मधे येऊन किती झाले विचारायच्या. एक मालिका त्यांनी बरेच दिवस बघितली. मग सोडली. मी सहज विचारलं, काहून सोडली, चांगली नव्हती का. त्या तेव्हा तूर निवडत होत्या. म्हणाल्या, "चांगली व्हती. पण ती थांबत न्हाई, भाऊजी. ह्यांनी पाणी मागितलं, उठले, पाणी दिलं, येईस्तोवर तिथलं माणूस मरून गेलेलं असतं. पुस्तक थांबतं. मी अर्ध्या वाक्यात उठून म्हशीचं दूध काढून येते, तर ते अर्ध्या वाक्यातच माझी वाट बघत असतं. घरात मी सगळ्यांसाठी थांबते. माझ्यासाठी थांबणारं तेवढं एकच हाय."

आवडीबद्दल पुष्कळ लेख मी वाचले आहेत. पुस्तक का वाचावं, टीव्ही का कमी बघावा, कल्पनाशक्ती वाढते, भाषा सुधारते. असं सगळं मुलांना लिहूनही देतो. पण वहिनी त्यासाठी वाचत नव्हत्या.

मागच्या ओट्यावर आता दोघीच उरल्या. पाट तिथे आला. पुढच्या खोलीत टीव्ही, मागे वहिनी वाचतायत आणि माय ऐकतेय. सासू-सुनेचं नातं म्हणून मी काही गोडगोड सांगत नाही. दोघींचे खटके उडायचे. मिठावरून, दुधावरून, माझ्या मोठ्या पुतणीच्या शिक्षणावरून. पण वाचन चालू असताना खटका तहकूब व्हायचा आणि अध्याय संपला की जिथून राहिला तिथून सुरू व्हायचा.

आणि मग दादांनी ते पुस्तक आणलं. नेहमीप्रमाणे जाडी बघून. पुस्तकाचं नाव मी इथे देत नाही, ते आता कोणाला मिळायचंही नाही. जुनी कादंबरी, बांधणी उसवलेली. एका बाईची गोष्ट. नवरा न सांगता घर सोडून गेलेला. ती वर्षानुवर्षं सासू-सासऱ्यांचं करते, शेत करते, आणि ते दोघं गेल्यावर त्याला शोधायला निघते. मायला ही बाई फार आवडली. "शहाणी हाय," ती म्हणायची, "आधी कामं उरकली, मग निघाली."

पुस्तकाच्या पहिल्या पानावर नावाखाली एक शब्द छापला होता: पूर्वार्ध. वहिनींनी पहिल्या दिवशी तो नावासकट मोठ्यानं वाचला होता. दहावीपर्यंत त्यांना हा शब्द कुठे भेटला नव्हता. त्यांना वाटलं गावाचं नाव असेल, गोष्ट जिथे घडते तिथलं. मायलाही तसंच सांगितलं. पुस्तक निम्म्यावर आलं तेव्हा माय विचारायला लागली, "ते पूर्वार्ध गाव अजून आलं न्हाई?" वहिनी म्हणायच्या, येईल, बाई चालूनच राहिली आहे अजून. दोघींनी मनात त्या गावाला नदी, देऊळ, बाजार सगळं दिलं होतं. नवरा तिथेच सापडणार, हे मायनं ठरवून टाकलं होतं.

शेवटच्या पानावर बाई एका घराच्या दारात पोचते. कडी वाजवते. आतून कोणीतरी विचारतं, "कोण आहे?"

पुस्तक तिथे संपतं.

वहिनींनी पान उलटलं, तर मागे पुठ्ठा. पानं गळाली असतील म्हणून त्यांनी शिवण तपासली. मग मला फोन केला. मी तासावरून नुकताच बाहेर आलो होतो. त्यांनी विचारलं, "भाऊजी, पूर्वार्ध म्हंजे काय हो?"

मी सांगितलं. पहिला अर्धा भाग. दुसऱ्याला उत्तरार्ध म्हणतात.

पलीकडे पुस्तकाची पानं पुन्हा पहिल्यापर्यंत उलटल्याचा आवाज आला. मग वहिनी हसायला लागल्या, आणि हसता हसता मायला सांगितलेलं मला ऐकू आलं: "आत्याबाई, गाव न्हाई ते. आपण अर्धंच वाचलं." माय काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. नंतर कळलं. ती म्हणाली होती, मग ते उठवू नको पाटावरून.

दादा सेनगावला गेले. उत्तरार्ध वाचनालयात नव्हता. कधी होता की नाही हेही तिथे कोणाला माहीत नव्हतं. वाचनालयातल्या माणसानं पूर्वार्ध परत मागितला. दादांनी मायचं म्हणणं सांगितलं, अर्धी पोथी घरातून जात नाही. कुंकवावरून एकदा हरलेला तो माणूस, त्यानं हात जोडले आणि म्हणाला, ठेवा, सापडला की दोन्ही आणा.

मग एक वेगळंच झालं. गोष्ट दारात अडकलीय हे गल्लीत कळलं, आणि ज्या बाया दुपारी यायच्या बंद झाल्या होत्या त्या येऊन विचारायला लागल्या. काय झालं त्या बाईचं? तिनं काय सांगितलं आतल्याला? तण निंदायला गेल्यावर सोयाबीनच्या ओळीत याच्यावर बोलणं चालायचं. एक म्हणाली, तिनं सरळ अमक्याची बायको म्हणून सांगावं, हक्क आहे. दुसरी म्हणाली, आतून बाईचा आवाज आला असेल तर? पुस्तकात आवाज कोणाचा ते सांगितलेलंच नव्हतं. हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि ते ध्यानात आल्यावर सगळ्याजणींनी खुरपी थांबवली, असं वहिनींनी मला सांगितलं. तांड्यावरची बाई म्हणाली, आमच्यात लई दिवसांनी भेटलेली बाई आधी गळ्यात पडून सुरात रडते, मग बोलते. ही दारात उभी राहून कशाला बोलते आहे?

माय म्हणाली, "बाईमाणूस 'मी हाय' म्हणतं. तेवढ्यावर वळखलं तर आत जावं. न्हाई वळखलं तर मागं फिरावं. नाव कशाला सांगायचं?" दारात कोणीही आलं तरी माय आता त्यांना 'मी हाय' एवढ्यावरच ओळखायची. आवाजानं. तिला यापेक्षा वेगळं उत्तर पटत नव्हतं, पण लेखकानं काय लिहिलंय ते तिला ऐकायचं होतंच. वहिनी मात्र मत द्यायच्या नाहीत. वाचणाऱ्यानं आपलं घालू नये, असं त्यांचं म्हणणं.

माझ्याकडे शोधायचं काम आलं. नांदेडची वाचनालयं बघितली, विद्यापीठात विचारलं, पुण्याला जाणाऱ्या एका सहकाऱ्याला जुन्या पुस्तकांच्या दुकानांत विचारायला सांगितलं. एकदा एक पुस्तक आलं, तेही पूर्वार्धच निघालं. मी घरी गेलो की उंबऱ्यात माझा आवाज ऐकून माय आतून विचारायची, "उत्तर आणलं का?" उत्तरार्ध हा शब्द तिच्या तोंडात बसला नाही. तिला वाटलं, आतून प्रश्न विचारलाय, म्हणजे दुसऱ्या पुस्तकात उत्तर असणार, म्हणून त्याचं नाव उत्तर. मी ते दुरुस्त केलं नाही. त्यात चूक काय होती?

दुसऱ्या वर्षी ती थकली. तुरीची कापणी चालू होती, थंडी वाढली होती, तिला खोकला धरला. अंथरुणावरून उठणं बंद झालं तरी पाट तिच्या उशाशी होता आणि वहिनी दुसरं पुस्तक हातात धरून वाचायच्या, कारण पाट अडलेला. मायचं लक्ष त्यात नसायचं. ती मधेच विचारायची, ते आलं का.

दादांना हे बघवलं नाही. त्यांनी वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं, "तिला कुठं दिसून राहिलं? दुसरं कोणतं बी पुस्तक हातात घे, आन् सांग उत्तर आलं म्हणून. वाच काहीतरी मनानं. ती बाई घरात गेली, नवऱ्यानं वळखलं, जेवायला वाढलं. झालं. मायचा जीव शांत होईल."

वहिनी नाही म्हणाल्या. पोथीत नाही ते वाचायचं नसतं. आणि म्हणाल्या, माझा आवाज आत्याबाईंना कळतो, वाचतानाचा वेगळा आणि मनानं सांगतानाचा वेगळा; त्यांनी ओळखलं तर शेवटच्या दिवसांत सुनेनं फसवलं एवढंच त्यांच्यापाशी राहील. मी तेव्हा घरीच होतो. मला दोघांचंही पटत होतं.

माय गेली. आम्ही सगळे जवळ होतो. उत्तर आलं नव्हतं.

त्यानंतर वहिनींनी वाचायचं सोडलं. एकदम ठरवून नाही. आधी मायचे दिवस होते म्हणून, मग खळं होतं म्हणून, मग पाहुणे. मी नवी पुस्तकं नेली, ती कपाटात राहिली. दादा बाजारात जाताना विचारायचे, जाड आणू का, तर त्या म्हणायच्या, राहू द्या. दुपारी आता त्या पुढच्या खोलीत टीव्हीसमोर बसतात. बघतात की नाही कळत नाही. एकदा मी बाजूला बसलो होतो, पडद्यावर कोणाचं तरी लग्न मोडत होतं. वहिनी पडद्याकडे बघत मला म्हणाल्या, "मी खोटं वाचलं असतं तर काय बिघडलं असतं, भाऊजी?" जाहिरात लागली, त्या उठून चहा ठेवायला गेल्या.

आपल्या मुलांना गोष्ट वाचून दाखवणारी आजी नाही, काकू असेल, असं मी बायकोला लग्नाआधी सांगितलं होतं. मुलं आता गावी जातात आणि काकूच्या शेजारी बसून टीव्ही बघतात. भांडण करावं असं त्यात काही नाही. पण पुढच्या पिढीलाही मिळालं असतं ते माझ्यावरच थांबलं, याची हळहळ माझ्या मनातून जात नाही.

शोध मी सोडला नव्हता. मायसाठी आता उपयोग नव्हता, तरी. याच वर्षी त्या जुन्या प्रकाशकाच्या नातवाचा फोन नंबर मिळाला. प्रकाशन कधीच बंद झालेलं, नातू दुसराच व्यवसाय करतो. भला माणूस. त्यानं घरात विचारून मला परत फोन केला. म्हणाला, उत्तरार्ध निघालाच नाही. लेखकानं पैशाकरता किंवा भांडणानं थांबवलं असं काही नाही. त्यांना तो लिहिताच आला नाही. आजोबा दर दिवाळीत त्यांना विचारायचे आणि ते म्हणायचे, अजून दार उघडत नाही. मग लेखक वारले.

हे वहिनींना फोनवर सांगावं असं मला वाटलं नाही. फोन ठेवला की बोलणं गेलं, असं त्या म्हणतात. म्हणून मी पत्र लिहिलं. किती वर्षांनी लिहिलं असेल. ते इथे देतो.

तीर्थरूप वहिनींस,

शि. सा. नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. मुलांच्या परीक्षा चालू आहेत.

उत्तरार्धाचा पत्ता लागला. तो लिहिलाच गेला नाही. प्रकाशकाच्या नातवानं सांगितलं. लेखकाला पुढचं सुचलं नाही आणि ते तसेच गेले. म्हणजे मी कुठे शोधायला कमी पडलो नाही, दादाही नाहीत, आणि सेनगावच्या माणसाकडूनही हरवलं नाही. जे नव्हतंच ते आपण सगळे इतकी वर्षं शोधत होतो.

तुम्ही मला विचारलं होतं की खोटं वाचलं असतं तर काय बिघडलं असतं. तेव्हा मला बोलता आलं नाही. आता पुष्कळ विचार केला. तुम्ही वाचलं असतं तर ते खोटं ठरवायला दुसरं खरं कुठेच नव्हतं. पण हे तुम्हाला तेव्हा कसं कळणार? तुम्हाला वाटत होतं की खरं कुठेतरी छापलेलं आहे आणि ते येईल. म्हणून तुम्ही नाही म्हणालात ते बरोबर होतं. आणि मायला मिळालं नाही याचं वाईट वाटतं, तेही बरोबर आहे. ते मलाही वाटतं. ते जाईल असं मी म्हणत नाही.

पुस्तक अजून पाटावर आहे, असं पुतणीनं सांगितलं. वाचनालयाला परत करायचं की नाही ते तुम्ही ठरवा. समाप्ती करायची असेल तर मी रविवारी येतो, पुरणाचं करू नका, साधा नैवेद्य चालेल.

एक विचारायचं आहे. दुपारच्या सगळ्या बायांनी आपापलं सांगितलं, मायनं सांगितलं, तुम्ही कधीच सांगितलं नाही. वाचणाऱ्यानं आपलं घालू नये म्हणालात. पण आता वाचायचं काही शिल्लक नाही. आतून "कोण आहे" विचारल्यावर तुमच्या मते ती काय म्हणाली असेल? मला लिहून पाठवा. थोडंच लिहिलं तरी चालेल, अक्षर कसंही असू द्या. फोनवर सांगू नका.

दादांना नमस्कार. त्यांचा गुडघा दाखवायला इकडे घेऊन या.

तुमचा,
धाकटा दीर